वैमानिकांची नाराजी पगारावरची नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैमानिकांच्या समाधान पाहणीची बातमी कालच्या अंकात वाचली, तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. ‘पगार भरघोस, तरी वैमानिक नाराज’ हा मथळा कुणी दिला? व्यवस्थापनावर विश्वास आहे का, या प्रश्नाला वैमानिकांनी ‘नाही’ म्हटलं आहे. त्यात पगार आला कुठून? मी सव्वीस वर्षं विमान चालवलं, त्यातली चौदा कॅप्टन म्हणून, आणि अशा पाच-सहा पाहण्या तरी स्वतः भरल्या. त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘ही पाहणी अनामिक आहे’ असं सुरुवातीलाच ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. मग पहिल्याच पानावर विचारतात: बेस (म्हणजे नेमणुकीचा विमानतळ) कोणता, विमानाचा प्रकार कोणता, कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), नोकरीची वर्षं किती, स्त्री की पुरुष. आमच्या बेसवर त्या विमानावर स्त्री कॅप्टन मी एकटीच होते. म्हणजे एवढं भरलं की पुढचं सगळं सही करून दिल्यासारखंच. तरीही एका वर्षी मी मोकळ्या चौकटीत खरं लिहिलं. कारण त्याआधी तीनच आठवड्यांपूर्वी घडलेली एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नव्हती.

ड्युटीची लागोपाठ तिसरी रात्र होती. पहाटे चारच्या सुमारास आम्ही उतरत होतो. विमानतळाच्या टॉवरने उतरायची परवानगी दिली की नोज लाइट, म्हणजे विमानाच्या नाकाखालचा दिवा, लावायचा, ही माझी जुनी सवय. दिवा लागलेला असला की परवानगी मिळाली आहे हे नक्की. त्या पहाटे धावपट्टी समोर दिसत होती, उंची हजार फुटांच्या खाली गेली होती, दिवाही लागलेला होता. पण तो मी कधी लावला हे काही केल्या आठवेना. टॉवरशी बोलणं झाल्याचंही आठवेना. शेजारी बसलेल्या फर्स्ट ऑफिसरला, तरुण मुलगा होता तो, विचारलं, “क्लिअरन्स मिळालाय ना?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मॅम, बहुतेक.” बहुतेकवर विमान उतरवत नाहीत. त्याने टॉवरला पुन्हा विचारलं, टॉवरने पुन्हा परवानगी दिली, आम्ही उतरलो. प्रवाशांना यातलं काहीच कळलं नाही. ते उतरून गेले, इंजिनं बंद झाली, तरी आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता बराच वेळ कॉकपिटमध्ये बसून होतो.

त्याच दिवशी फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्याचा लेखी अहवाल, कंपनीला दिला. त्याला उत्तर आलं नाही. पाहणीत मात्र लिहिलं की लागोपाठच्या रात्री बंद करा, पहाटे दोन ते सहा या वेळेत माणसाचं शरीर झोपच मागतं, दिवसा हॉटेलात पडदे ओढून पडलं म्हणून ती भरून निघत नाही. पाहणी संपल्यावर पाचव्या दिवशी ऑफिसमधून फोन आला. “मॅडम, तुम्ही फारच नकारात्मक लिहिलंय. घरी काही अडचण आहे का?” रोस्टरबद्दल, म्हणजे ड्युट्यांच्या वेळापत्रकाबद्दल, अवाक्षर नाही! मी जे सांगत होते ते ऐकायचंच नव्हतं, फक्त कोण सांगतंय ते हवं होतं. हा फोन मी विसरू शकलेले नाही.

पुढच्या वर्षीच्या पाहणीत आमच्या बेसचे गुण वाढले. व्यवस्थापनाने त्याचं कौतुक करणारं पत्रक काढलं. रोस्टर तेच, रात्री त्याच. त्या पहाटे माझ्या शेजारी बसलेला मुलगा मला म्हणाला, “मॅम, मी वाचलंच नाही. सगळीकडे पाचपैकी चार देऊन टाकले.” त्याला मी दोष देत नाही. त्याच्या डोक्यावर प्रशिक्षणाचं कर्ज होतं आणि कॅप्टन व्हायचं बाकी होतं. म्हणून सांगते, तुमच्या बातमीतल्या नाराजीच्या आकड्यापेक्षा मला अशा चारांची जास्त भीती वाटते.

कंपनीबाहेरच्यांनी विचारलं तेव्हा काय दिसलं तेही तुम्ही छापायला हवं होतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि युरोकंट्रोल (युरोपातल्या हवाई वाहतुकीचा समन्वय करणारी संस्था) यांच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये युरोपातल्या सात हजारांहून जास्त वैमानिकांची पाहणी प्रसिद्ध केली. आमची कंपनी थकवा गांभीर्याने घेत नाही, असं त्यातल्या ५१ टक्के वैमानिकांचं म्हणणं होतं. कंपनीला आपली काळजी आहे असं वाटणारे २० टक्केही नव्हते. कंत्राटावरच्या वैमानिकांचं मत तर आणखी वाईट होतं.

वैमानिकाने बिनधास्त बोलावं यासाठी काय करावं लागतं, हे या धंद्याला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान गैरसमजातून फार खाली येऊन डोंगरावर आदळलं आणि ९२ माणसं गेली. सहाच आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं एक विमान तिथेच, तशाच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. पण ती गोष्ट त्या कंपनीबाहेर गेलीच नव्हती. त्यानंतर अमेरिकेत वैमानिकांचे अहवाल गोळा करायचं ठरलं, आणि १९७६ मध्ये ते काम शिक्षा करणाऱ्या खात्याकडे न ठेवता नासाकडे दिलं. तिथे अहवालावरची नावाची पट्टी कापून ज्याची त्याला परत पाठवतात. अनामिक याला म्हणतात.

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. ‘वैमानिकाचा उड्डाणास नकार, प्रवाशांचे हाल’ हा मथळा तुमच्याच वर्तमानपत्रात मी दोनदा वाचला आहे. ड्युटीची मर्यादा संपली की कॅप्टनला विमान नेता येत नाही, तसा नियमच आहे. अचानक उशीर झाला तर ती थोडी वाढवता येते, पण आपली आणि क्रूची अवस्था बघून ते कॅप्टनने ठरवायचं असतं. ऑफिसने फोनवर फोन करून ते वदवून घ्यायचं नसतं. विमानतळावर ताटकळलेल्या माणसाचा संताप मला समजतो. पण त्याला खलनायक म्हणून वैमानिक दाखवायचा आणि बदली क्रू का नव्हता हे विचारायचंही नाही, ही कसली पत्रकारिता?

पत्र छापलंत तर माझं नाव छापू नये ही विनंती. बेस आणि विमानाचा प्रकारही मुद्दामच लिहिलेला नाही. मी निवृत्त आहे, माझं आता कुणी काही बिघडवणार नाही. पण माझं नाव कळलं तर जुनं रोस्टर काढून त्या पहाटे शेजारी कोण बसलं होतं हे शोधायला पाच मिनिटंही लागणार नाहीत, आणि तो मुलगा अजून तिथेच नोकरीला आहे.

आपली,
एक निवृत्त कॅप्टन