फोटोखाली एक ओळ छापा, पोरांचे पैसे वाचतील

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत वाचकांच्या फोटोंचं पान आलं होतं. त्यात दाजीपूरच्या गव्याचा एक फोटो होता, धुक्यात उभा, चारी पायांचे पांढरे मोजे अगदी स्वच्छ दिसत होते. माझ्या भाच्यानं ते पान मोबाईलवर झूम करून दाखवलं आणि विचारलं, "मामा, याच्याकडं कुठला कॅमेरा असंल?" मी म्हटलं कॅमेरा राहू दे, लेन्स कुठली ते बघ. खरं ते कुठंच दिलं नव्हतं, फोटोखाली नुसतं नाव आणि गाव. भाचा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत कामाला आहे, पगार बेताचा, आणि चोवीस महिन्यांच्या हप्त्यावर फुलफ्रेम बॉडी, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (फोटो टिपणाऱ्या चिपचा) कॅमेरा, घ्यायचं त्यानं जवळजवळ ठरवलंय. तो आणि त्याच्यासारखी कितीतरी पोरं आज कोल्हापुरात आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र लिहितोय. जरा लांबंल, सांभाळून घ्या.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन बाहेर. रंकाळा, कळंबा, पन्हाळा, मसाई पठार, पावसात राऊतवाडी, थंडीत दाजीपूर असं माझं फिरणं असतंय. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात, आधी जॉब बघायचा मग टूल लावायचं. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र सगळे उलटं करतात, आधी भारीतलं मशीन घेतात आणि मग त्यावर काय काम करायचं ते शोधत बसतात.

मी स्वतः हेच केलं म्हणून सांगतोय. माझ्याकडं साधी क्रॉप सेन्सरची बॉडी होती आणि त्यावर ७०-३०० ची लेन्स (आकडे मिलिमीटरचे, आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं). क्रॉप म्हणजे सेन्सर लहान, त्यामुळं ३०० ची लेन्स फुलफ्रेमच्या हिशोबात ४५० सारखी जवळ आणते. पाडव्याच्या ऑफरमध्ये शहरातल्या एका दुकानात गेलो, तिथला माणूस म्हणाला साहेब फुलफ्रेमवर जावा, फोटो आपोआप सुधारतील, जुनी लेन्स अडॅप्टर लावून चालती की. त्याचं ऐकलं. साठवलेले सगळे पैसे बॉडी, तिच्याबरोबरची छोटी लेन्स आणि अडॅप्टर यात गेले. पुढं नोव्हेंबरात दाजीपूरला गेलो, सकाळी सातच्या सुमारास झाडीच्या कडेला गव्यांचा कळप निघाला, एक मादी आणि तिच्यामागं तांबूस रंगाचं वासरू. कॅमेरा डोळ्याला लावला आणि बघतो तर माझी लेन्स क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली असल्यानं कॅमेऱ्यानं आपणहून सेन्सरचा मधलाच तुकडा वापरायला घेतला होता, २४ मेगापिक्सलचा कॅमेरा तिथं १० मेगापिक्सलचा झाला. गवा होता तेवढाच लांब आणि हातातला फोटो आधीपेक्षा बारीक. घरी येऊन कॉम्प्युटरवर वासराचं तोंड मोठं करून बघितलं तर डोळा म्हणजे चार काळे ठिपके. त्या रात्री जेवण गेलं नाही. बॉडीत काही दोष नव्हता, ती उत्तमच आहे आणि आजही वापरतो, खरं माझ्या त्या कामाची ती नव्हती आणि हे विकणाऱ्यानं एका शब्दानं सांगितलं नाही.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच सांगतो. गेल्या वर्षातले तुझे फसलेले शंभर फोटो काढून बस आणि प्रत्येक का फसला ते वहीत लिही. प्राणी बारका आला असंल तर लेन्स कमी पडली. हललेला असंल तर शटर स्पीड नाहीतर ट्रायपॉड. फोकस डोळ्याऐवजी मागच्या फांदीवर गेला असंल तर आधी सेटिंग आणि सराव, आणि त्यानंतरही तेच होत असंल तर मग बॉडी. भाच्याला असंच बसवलं. निम्म्याहून जास्त फोटोंपुढं त्यानं स्वतःच्या हातानं "लांब" असं लिहिलं, आणि हा पोरगा ज्या बॉडीसाठी हप्ते भरायला निघालाय तिच्याबरोबर २४-५० ची, म्हणजे जवळच्या कामाची लेन्स येते!

जंगलाचा आणि निसर्गदृश्यांचा जॉब वेगळा आहे हे आधी डोक्यात बसायला पाहिजे. दोन्ही एका दमात, एका बजेटमध्ये होत नाही.

जंगलाचं आधी बोलतो. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं, त्यातला दाजीपूरचा भाग १९५८ पासून गव्यांसाठी राखलेला, आणि झाडी इतकी दाट की कडेला ऊन असलं तरी आत अंधार असतोय. गवा बाहेर निघतो तो पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला, म्हणजे उजेड कमी असतो तेव्हाच. मग एफ/६.३ ची लेन्स (एफचा आकडा मोठा तेवढा उजेड कमी आत येतो), आयएसओ ३२०० (फोटो किती उजळवायचा तो आकडा) आणि शटर कसंबसं १/२५० सेकंद असं काम चालतं. इथं एक मोठा गैरसमज आहे तो सांगतो, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात हललेला सांभाळतं, जनावर हललेलं सांभाळत नाही. गव्यानं मान वळवली आणि शटर १/६० असलं तर जगातली कुठलीही लेन्स तो फोटो वाचवत नाही. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० तरी पाहिजे.

पैसे घालायचे तर लेन्समध्ये घाला. सिग्मा आणि टॅमरॉनची १५०-६००, निकॉनची जुन्या डीएसएलआरसाठीची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठीची) २००-५०० एफ/५.६, सोनीची २००-६००, सगळी दोन किलोच्या आसपासची आणि जंगलासाठी चांगली. कॅननच्या नव्या मिररलेसला (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला) १००-४०० आहे, ती जेमतेम ६३५ ग्रॅमची, दिवसभर गळ्यात राहिली तरी मान दुखत नाही, खरं ४०० ला ती एफ/८ होते हे घेताना ध्यानात ठेवा. त्यांचीच ८०० एफ/११ बघून पोरं हरखतात, पण एफ/५.६ च्या मानानं तिच्यातून पाव उजेड आत येतो, म्हणजे कळंब्याच्या उघड्या पाण्यावर दुपारी झकास आणि दाजीपूरच्या झाडीत सकाळी अवघड. मी शेवटी सेकंडहँड १५०-६०० घेतली आणि ती जुन्याच क्रॉप बॉडीवर लावली, म्हणजे ९०० चा आवाका. पुढच्या वर्षी तशीच एक मादी आणि वासरू दिसलं. या वेळी डोळ्यात मागच्या झाडांचं प्रतिबिंब आलं.

जीपच्या कडेवर टेकवायला बीनबॅग घरीच होते. जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा, दोन्ही तोंडं शिवायची आणि आत दोन-अडीच किलो शाळू भरायचा. त्यात लेन्स अशी बसते की हलायचं नाव नाही, फक्त ड्रायव्हरला हात जोडून इंजिन बंद करायला सांगायचं, चालू इंजिनाचा थरथराट थेट फोटोत उतरतो. आणि लेन्स कमी पडली म्हणून खाली उतरून पुढं सरकू नका. गावाजवळ गवा आला की मोबाईल घेऊन लोक मागं लागतात, जनावर बिथरतं आणि मग त्याचा दोष जनावरालाच. लांब लेन्सचा सगळ्यात मोठा फायदा मला तरी हाच वाटतो की आपण लांब राहतो.

आता निसर्गदृश्यांचं. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, तेव्हा चार महिने आमचा मुक्काम पठारांवर आणि धबधब्यांवर. इथं बॉडी कुठलीही चालते, अगदी दहा वर्षं जुनी, कारण आयएसओ १०० वर, एफ/८ ला, दोन सेकंदांच्या टायमरवर आणि ट्रायपॉडवर काम करायचं असतं. डोंगर काय पळून जात नाही. बॉडीबरोबर आलेली १८-५५ एफ/८ ला पुरेशी शार्प असते. सगळा डोंगर बसत नाही म्हणून लगेच अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य बसवणारी) लेन्स घेऊ नका, कॅमेरा उभा धरून डावीकडून उजवीकडं पाच-सहा फोटो घ्या, प्रत्येकात मागच्याचा तिसरा हिस्सा येऊ द्या आणि घरी जोडा.

खरं ट्रायपॉडवर कंजुषी करू नका हे मात्र कळकळीनं सांगतो. लेथवर टूल होल्डरमधून जास्त बाहेर काढलं की चॅटर येतो, जॉबवर लहरी उमटतात, कुठल्याही टर्नरला विचारा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढला की नेमकं तेच होतं. मसाई पठारावर सप्टेंबरात वारा असा असतोय की स्वस्तातला ट्रायपॉड नुसता गुणगुणतो आणि अर्ध्या सेकंदाचा प्रत्येक फोटो मऊ येतो. जाड पायांचा घ्या, मधला दांडा खालीच ठेवा, खालच्या हुकाला बॅग जमिनीला टेकेल इतपत अडकवा, आणि ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद करा.

दुसरी वस्तू पोलरायझर, लेन्सपुढं लावायचा फिल्टर. राऊतवाडीला धबधब्याच्या कडेचे दगड आणि पानं ओली असतात, त्यावर आभाळाची पांढरी चकाकी बसलेली असते. फिल्टर हळूहळू फिरवला की ती चकाकी डोळ्यांदेखत उतरते आणि खालचा गर्द हिरवा वर येतो. हे नंतर एडिटिंगमध्ये करता येत नाही, कारण चकाकीखालचा रंग सेन्सरपर्यंत आलेलाच नसतो. वर तो दीडेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, म्हणजे शटर आपोआप लांबतं आणि पाणी दुधासारखं येतं.

मेगापिक्सलचं वेड सोडून द्या. २४ मेगापिक्सल म्हणजे ६०००×४००० पिक्सल, त्याची ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) प्रिंट काढली तर २० बाय १३ इंचाची होते. आमच्या घरातल्या भिंतीवर याच्यापेक्षा मोठी फ्रेम नाही.

बॉडी बदलूच नका असं मी म्हणत नाही. नव्या मिररलेसचा फोकस पक्ष्याचा डोळा ओळखून धरून ठेवतो, आवाज न करता फोटो निघतो आणि शेकरूच्या कानापर्यंत काही जात नाही. उडत्या पक्ष्यांवरच ज्याचा जीव आहे, लेन्स हातात आहे, सराव झालाय, त्यानं जरूर घ्यावी, बॅटरी मात्र दोन-तीन बरोबर ठेवाव्यात कारण बऱ्याचदा डीएसएलआरच्या निम्मीसुद्धा टिकत नाही. आणि लोक मिररलेसकडं चाललेत म्हणून डीएसएलआरच्या लेन्सा सेकंडहँड बाजारात स्वस्त झाल्यात, बेताच्या पगारवाल्याला ही संधीच आहे. सेकंडहँड बॉडी घेताना शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत ते) विचारा, ते गाडीच्या किलोमीटरसारखं असतं, निकॉन डी७२०० ला कंपनीनं दीड लाख फोटोंचा आणि डी५०० ला दोन लाखांचा अंदाज दिलेला आहे. लेन्स घेताना मोबाईलची टॉर्च मागून लावून पुढून बघा.

टॉर्चचं एवढ्यासाठी सांगतोय की आपल्याकडच्या पावसात बुरशी लई वाईट. एका जुलैमध्ये आंबोलीहून आलो, लेन्स तशीच बॅगेत ठेवून कपाटात टाकली, पुढं गणपतीची गडबड, आणि दसऱ्याला पूजेला बाहेर काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेले. साफ करून आणली तरी पुसटसा डाग राहिलाच. आता हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मीटर ठेवतो, काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की पाणी पिऊन भरलं असं समजायचं आणि मंद आचेवर गरम करून परत निळं करायचं, त्यासाठी भांडं मात्र स्वयंपाकाचं नको. तांदळात लेन्स ठेवू नका, पीठ आत जातं. भारी बॉडीच्या आधी हा डबा घ्या, हजार रुपयांच्या आत काम होतं.

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला त्या गावातल्या पोरांनी यंत्र समजून घेऊन घ्यावं, जाहिरात बघून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आणि यात तुमची मदत पाहिजे. वाचकांचे फोटो छापता तेव्हा नावगावाबरोबर एक ओळ जास्तीची छापा, कुठली बॉडी, कुठली लेन्स, शटर, आयएसओ आणि किती अंतरावरून. हे सगळं ज्यानं त्यानं फोटो पाठवतानाच लिहून द्यावं अशी अट घाला, तुम्हाला वेगळं काम नाही. घरट्याचा फोटो असंल तर मात्र जागा अजिबात छापू नका, दुसऱ्या दिवशी तिथं रांग लागते.

सुरुवात माझ्यापासून करतो. सोबत वारकरी पक्ष्याचा एक फोटो जोडलाय, आवडला तर छापा. ओळ अशी: रंकाळा, सकाळी सव्वासात, जुनी क्रॉप बॉडी, ७०-३०० लेन्स ३०० वर, एफ/६.३, १/८००, आयएसओ ४००. काठावर बसून, साधारण तीस फुटांवरून.

आपला एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर