लघवीची नळी लावून बसलेल्यांसाठी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी देवगड तालुक्यातला निवृत्त शिक्षक. गावच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं काम बघतो. आमच्या बैठकीत गुडघे, साखर, बीपी यांवर तासभर बोलणं होतं, लघवीचा विषय निघाला की सगळे गप्प. तरीही लुंगीखाली नळी आणि मांडीला पिशवी बांधून येणारे आमच्यात आहेत. दर तीन-चार आठवड्यांनी नळी बदलायची, मधेच हुडहुडी भरून ताप आला की घरचे घाबरणार. एसटीचा लांबचा प्रवास नको, लग्नकार्य नको. ‘नळी कधी काढतले?’ एवढंच ते विचारतात.

पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. वयानुसार ती गाठीसारखी वाढली की लघवी अडते आणि नळी लावायची वेळ येते. वाढलेलं प्रोस्टेट म्हणजे कर्करोग नव्हे, आणि प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं. पण लघवी पुन्हापुन्हा तुंबू लागली, मूत्राशयात खडे झाले किंवा मूत्रपिंडावर ताण आला, तर ऑपरेशन टाळून चालत नाही. तिथून पुढे कोणतं ऑपरेशन व्हायचं हे गाठीच्या आकारावर आणि माणसाच्या प्रकृतीवर ठरायला हवं. आमच्याकडे ते जवळ काय मिळतं आणि मुंबईत मुलाची खोली आहे का, यावर ठरतं. माझी तक्रार एवढीच आहे.

दुर्बिणीतून वीज खेळवलेल्या तारेने गाठ खरवडून काढायची पद्धत, म्हणजे टीयूआरपी, अनेक दशकं चालत आली आहे आणि आजही चांगली आहे. साधारण 30 ते 80 ग्रॅमच्या गाठीला ती पुरते. मात्र तिचे दोन प्रकार आहेत. जुन्या मोनोपोलर यंत्रात आतला भाग धुवायला ग्लायसीनचं द्रावण वापरतात. ऑपरेशन लांबलं तर ते रक्तात शोषलं जाऊन सोडियम घसरतं, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, कधी जिवावर बेततं. बायपोलर यंत्र साध्या सलाइनवर चालतं, त्यामुळे हा धोका जवळजवळ उरत नाही. लघवीची धार दोन्हींनी सारखीच सुधारते. मग सरकारी रुग्णालयात नवं यंत्र घेताना ते बायपोलरच असावं, यात दुमत होऊ नये.

गाठ 100-150 ग्रॅमची झाली की प्रश्न वेगळा. पोट उघडून ती काढता येते, पण रक्त जास्त जातं, रुग्णालयात मुक्काम वाढतो. होल्मियम लेझरने, म्हणजे होलेप पद्धतीने, तीच गाठ आतून सोलून मूत्राशयात ढकलतात आणि बारीक करून बाहेर काढतात. रक्त कमी जातं, नळी बहुधा एक-दोन दिवसांत निघते, पुन्हा ऑपरेशन करायची वेळ क्वचित येते. काढलेला तुकडा तपासणीला पाठवता येतो, ही मोठी सोय. सुरुवातीचे काही आठवडे काहींना लघवी थेंबथेंब गळते, हेही सांगायला हवं. मुख्य अडचण हात बसण्याची आहे. ही कला यायला सर्जनला डझनावारी ऑपरेशनं करावी लागतात. म्हणून प्रत्येक तालुक्यात लेझर मागण्यात अर्थ नाही.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि अलिबाग इथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ती वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात, आपल्या खात्याकडे नाहीत, याची कल्पना आहे. तरीही दोन्ही खात्यांनी बसून तिथे मूत्ररोगतज्ज्ञाचं पद आणि बायपोलर यंत्र द्यावं. तिन्ही जिल्ह्यांसाठी होलेपचं एकच केंद्र करावं आणि मोठी गाठ असलेल्यांना तिथे ठरलेल्या तारखेला पाठवावं. नाहीतर आमच्या माणसांना गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते.

आणखी एक. संमतीपत्रावर सही घेण्याआधी मराठीत एक पान द्या. टीयूआरपी असो वा होलेप, नंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. ताठरता सहसा तशीच राहते, पण आधी न सांगितल्यामुळे नवरा-बायको दोघंही मनातल्या मनात कुढत राहतात. साठीतल्या माणसाला हे विचारायची लाज वाटते, म्हणून डॉक्टरांनीच आपणहून सांगावं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांनी काय करायचं, तेही त्या पानावर असावं. आमच्याकडे हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेले कमी नाहीत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली यातलं कोणतं ऑपरेशन कोकणातल्या कोणत्या रुग्णालयात होतं, ही यादी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावायचे आदेश आपण याच महिन्यात काढू शकता. त्याला नवं यंत्रही लागत नाही. आदेश निघाला की आमच्या तालुक्यात तो प्रत्येक केंद्रापर्यंत पोचला की नाही, हे आमचा संघ स्वतः फिरून पाहील आणि आपल्याला कळवील.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, देवगड तालुका