बाग करा, पण भराव टाकून नको

मा. संपादक,

पूररेषेतील जागेवर ‘बगीचा’ असे आरक्षण राहिले की जागा वाचली, असे आपण धरून चालतो. नकाशावर ती वाचतेही. पण कामाचे अंदाजपत्रक उघडले की पहिल्याच पानावर भराव दिसतो. जागा सखल, पाणी साचते, चिखल होतो, म्हणून आधी ती उचलायची! सखल आहे म्हणूनच तर ती बागेला ठेवायची होती.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ती चार फूट उचलायला १,७४२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माल लागतो, दाबून बसण्याची घट वेगळी. तेवढ्याच जागेत सुमारे ४९ लाख लिटर पाणी मावले असते. महापुरापुढे हे किस झाडकी पत्ती, असे अभियंते म्हणतील आणि ते खरेही आहे. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली, तेव्हा अशा जागेने काहीच वाचवले नसते. प्रश्न त्याआधीच्या दिवसांचा आहे. पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडून ४३ च्या धोक्याकडे सरकते, तसा शहरातून येणाऱ्या जयंती नाल्याला पंचगंगेत उतार उरत नाही. नदीचे पाणी नाल्यात मागे येते आणि शहरात पडणारा पाऊस तिथेच तुंबतो. तेव्हा काठचा प्रत्येक सखल गुंठा कामाचा असतो.

त्यात भराव बहुधा खरमातीचा. विटा, फरशीचे तुकडे, प्लास्टिक. वरून रोलर फिरला तरी आत पोकळ्या राहतात आणि दोन पावसाळ्यांत जमीन जागोजागी बसते. वरचे पेव्हिंग ब्लॉक लाटांसारखे होतात, मग दुरुस्तीची निविदा. खाली काळी माती असेल तर हे हमखास, कारण ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. ब्लॉकखाली काँक्रीट ओतले तर लाटा कमी होतील, पण पाणीही मुरणार नाही.

मूळ पातळी तशीच ठेवून फक्त चालण्याचा ट्रॅक सहा इंच वर घ्यावा. वीतभर खणून सोलिंग म्हणजे मोठ्या दगडांचा थर, त्यावर खडी, सर्वांत वर चार इंच मुरूम, पाणी मारून रोलिंग. ट्रॅकखालून ठरावीक अंतरावर पाइप टाकले नाहीत तर ट्रॅकच बांध होऊन बसतो, हे हमखास राहून जाते. बाके पाया धरून बसवावीत. सुटी बाके पुरात वाहून पुलाखाली अडकतात. दिव्यांचे जंक्शन बॉक्स खांबावर उंच. झाडे करंज, जांभूळ, अर्जुन अशी, पाण्यात पाय रोवून उभी राहणारी. बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी सोडावी, हे तर हरित लवादाने २०१३ मध्येच सांगितले आहे.

कामाच्या फलकावर रक्कम आणि मुदत असते. त्याच फलकावर जमिनीची आजची पातळी, कामानंतरची पातळी आणि निळ्या-लाल पूररेषांची पातळी एकाच मापात लिहावी. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. लोकांना ती जागेवर दिसू दे. शेवटचे बिल काढण्यापूर्वी पातळ्या पुन्हा घ्याव्यात, पावसाळ्यानंतर आणखी एकदा. खरमातीचे डंपर रात्री रिकामे होतात आणि त्यांची नोंद कुठल्याच मोजमाप पुस्तकात नसते.

– एक वाचक, नागाळा पार्क, कोल्हापूर