१ लाख ८५ हजारांत आई-वडील किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियाने २०२५-२६ साठीही कायमस्वरूपी स्थलांतराच्या १ लाख ८५ हजार जागाच ठेवल्या. आपल्याकडच्या बातम्यांत हा एकच आकडा येतो आणि बातमी संपते. आमच्या नौपाड्यात या आकड्यावर लोक घरं विकायला काढतात, म्हणून लिहितो आहे.

माझा मुलगा मेलबर्नला असतो, तिथला नागरिक आहे. त्याच्याकडे कायमचं जावं म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघं ठाणे स्टेशनजवळच्या एका एजंटकडे गेलो. त्याने आमच्याच फाइलच्या पाठीवर १,८५,००० असा आकडा लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाला, ''काका, एवढ्या जागा आहेत, तुमचा नंबर लागणारच.'' त्याच संध्याकाळी हिने बहिणीला फोन करून विचारलं, राहती जागा विकावी की भाड्याने द्यावी? आकड्याच्या पोटात काय आहे ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

पुढे मुलाने तिथल्या गृह खात्याचा २०२४-२५चा तक्ता वाचून दाखवला. तेव्हाही एकूण जागा तेवढ्याच होत्या. त्यातल्या १,३२,२०० कुशल मनुष्यबळासाठी, ५२,५०० कुटुंबांसाठी, उरलेल्या ३०० विशेष प्रकरणांसाठी. कुटुंबाच्या वाट्यातल्या ४०,५०० जोडीदारांच्या. आई-वडिलांसाठी, साऱ्या जगातून मिळून, ८,५००! आणि रांगेत लाखाहून जास्त माणसं. साध्या व्हिसाला तीसेक वर्षं लागतात. माणशी सुमारे ४८ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरून जो व्हिसा मिळतो, त्यालाही बारा वर्षांहून अधिक. मी आज ६८ वर्षांचा आहे.

हे असं का, तेही मुलाकडून समजून घेतलं. तिथलं सरकार दरवर्षी राज्यं, उद्योग, कामगार संघटना यांची मतं मागवतं आणि एरवी अर्थसंकल्पाच्या वेळी आकडा जाहीर करतं. जोडीदार आणि मुलांच्या व्हिसावर कायद्यानेच मर्यादा घालता येत नाही, आई-वडिलांच्या व्हिसावर येते. कर भरणारी तरुण माणसं त्यांना हवीत, म्हाताऱ्यांच्या दवाखान्याचा खर्च नको. देश त्यांचा, हिशेब त्यांचा. त्याबद्दल तक्रार नाही. पण हयातीत मिळणार नाही अशा व्हिसासाठी अर्ज आणि पैसे घेत राहणं क्रूरपणाचं आहे. २०२३ साली तिथल्या स्थलांतर व्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या मार्टिन पार्किन्सन यांच्या समितीने सरकारला हेच सुनावलं होतं.

आमच्या शेजारच्या इमारतीतला मुलगा कर्ज काढून तिकडे शिकायला गेला. त्याच्या घरच्यांना वाटतं, या १ लाख ८५ हजारांत त्याची जागा धरलेलीच आहे. विद्यार्थी व्हिसा त्या आकड्यात मोजतच नाहीत. शिक्षण झालं की त्याला कायमच्या जागेसाठी वेगळा अर्ज करावा लागेल आणि तेव्हा कोणत्या कौशल्याला किती जागा असतील, ते त्या वर्षीचा तक्ता ठरवेल. कॅनडाचंही तेच. तिथे मंत्र्यांना दरवर्षी १ नोव्हेंबरपर्यंत पुढच्या वर्षांचे आकडे संसदेत मांडावे लागतात. २०२४ला ४ लाख ८५ हजार असलेलं लक्ष्य २०२५ला ३ लाख ९५ हजारांवर आलं.

माझी विनंती एवढीच की हे आकडे जाहीर होतील त्या दिवशी आपल्या ठाणे पुरवणीत एकूण आकड्याखाली त्याची फोड छापावी. किती कौशल्याच्या, किती जोडीदारांच्या, किती आई-वडिलांच्या, आणि रांग किती वर्षांची. चार ओळींची जागा लागेल.

आम्ही आता आई-वडिलांच्या तात्पुरत्या व्हिसाचे कागद जमवतो आहोत. तो तीन किंवा पाच वर्षांचा असतो आणि त्याच्या वर्षाला १५ हजार जागा वेगळ्या असतात. राहती जागा विकलेली नाही.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे