पिल्लांना शेगडी नको, गवताची पेटी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वीज नसलेल्या जागी, उघड्यावर कोंबडीची पिल्ले वाढवायची म्हटले की पहिला सल्ला मिळतो कोळशाच्या शेगडीचा. दुसरा मिळतो चारी बाजूंनी ताडपत्री लावून सगळे बंद करण्याचा. हे दोन्ही एकदम पाळले की घात होतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. पिल्ले तर मरतातच, शेजारी झोपलेल्या राखणदाराचाही जीव जाऊ शकतो. शेगडी टाळली तरी नुसत्या ताडपत्रीने आत दमट वाफ कोंडते, तूस ओले होते आणि ओले पिल्लू कोरड्यापेक्षा फार लवकर गारठते.

पिल्लाला ऊब हवी ती पाठीपाशी. सगळी हवा तापवण्याची गरजच नाही. पहिल्या आठवड्यात पांघरुणाखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. तापमान जमिनीपासून ५ सें.मी. वर मोजावे, भिंतीवर टांगलेला तापमापक भलतेच काही सांगतो.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी असेल तर प्रश्नच मिटला. बऱ्यापैकी मोठी कोंबडी १०-१२ पिल्ले पोटाखाली घेते. मात्र ती दोन-तीन आठवडे रवणावर (उबवायच्या अंड्यांवर) बसलेली असावी, पिल्ले एक-दोन दिवसांचीच असावीत आणि ती अंधारात, गडबड न करता सरकवावीत. नुकतीच खुडूक झालेली कोंबडी परकी पिल्ले टोचून मारू शकते. आधी तिच्या पंखांखाली उवा नाहीत ना, तेही पाहून घ्यावे.

कोंबडी नसेल तर २०-२५ पिल्लांसाठी गवताची पेटी करावी. आतली जागा ४५ बाय ४५ सें.मी., बाहेरची पेटी ६५ बाय ६५. मधल्या १० सें.मी.च्या पोकळीत वाळलेले गवत चेपून भरायचे. गवत कडकडीत कोरडेच हवे. बुरशीचे गवत पिल्लांच्या फुप्फुसांत रोग घालते. आतले कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करा, कारण गारठलेली पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तळाला ५ सें.मी. तूस. वरून जुन्या लोकरी कापडाच्या झिरमिळ्या अशा सोडा की त्या पिल्लांच्या पाठीला जेमतेम टेकतील. पिल्ले वाढतील तसे कापड वर घ्यायचे. दार १० सें.मी. रुंद, त्यावर चिरलेल्या गोणपाटाचा पडदा, आणि झाकणालगत वर बोटभर रुंदीची चार-पाच भोके. ही भोके थंडीच्या भीतीने बुजवू नयेत. वारा पिल्लांच्या उंचीवर नको. वरून दमट हवा बाहेर गेलीच पाहिजे.

सुरुवातीच्या रात्री पिल्लांची स्वतःची ऊब पुरत नाही. तेव्हा मधोमध गरम पाण्याचा ५ लिटरचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा ठेवावा, दुहेरी गोणपाटात गुंडाळून आणि कलंडणार नाही असा बांधून. ८० अंशांचे ५ लिटर पाणी ४० अंशांपर्यंत उतरताना ६० वॅटचा दिवा सुमारे चार तास जाळण्याइतकी उष्णता देते. तेवढ्याच वजनाची, तेवढीच तापवलेली वीट जेमतेम पाचवा हिस्सा देते. म्हणून विटांची उठाठेव आम्हाला पटत नाही. थंड पेयाच्या पातळ बाटल्या तर इतक्या गरम पाण्याने वाकतात आणि गळतात. पाणी निजताना एकदा आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास पुन्हा बदलावे. सर्वांत कडक थंडी उजाडण्याआधीच पडते आणि नेमका तेव्हाच डबा निवालेला असतो.

पहिल्या दोन-तीन संध्याकाळी पिल्ले हाताने आत सारावी लागतात, ऊब कुठे आहे हे त्यांना ठाऊक नसते. मग पिल्लांकडेच पाहावे. गोळा होऊन कर्कश चिवचिव म्हणजे थंडी; पंख पसरून, चोच उघडी ठेवून लांब पडणे म्हणजे उष्मा; सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतो आहे. गुदद्वाराला विष्ठा चिकटून वाळणे हेही बहुधा गारठ्याचे किंवा अतिउष्णतेचे लक्षण. कोमट पाण्याने भिजवून हलकेच पुसावे, ओढू नये, आणि कोरडे करूनच आत सोडावे.

पेटी जमिनीपासून वीतभर उंच ठेवून बाहेरच्या फिरायच्या जागेला १२ मि.मी.ची जाळी लावावी, उंदीर-मुंगसांसाठी. दुपारी सावली हवीच. पाठ पिसांनी पूर्ण झाकली, म्हणजे हवामानानुसार चार ते सहा आठवड्यांत, की गरम पाण्याचा डबा ठेवणे बंद करता येते.

आणि संपादक महोदय, राग नसावा, पण पिल्लांच्या पायाखाली वर्तमानपत्र अंथरू नये. गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात आणि वेळीच लक्ष गेले नाही तर तसेच राहतात.

आपले,
कुक्कुटपालन करणारे काही वाचक