शेवटची पानं नसलेलं पुस्तक दिल्याबद्दल

काकाजी, नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही नागपूरला मुलीकडे आहात, आणि महिनाभर वाचायला मनाई आहे असं समजलं. म्हणून हे पत्र तुमच्या नातवाने वाचून दाखवावं. फोनवर हे बोलता आलं नसतं. आभाराचा पहिला शब्द कानावर पडला की तुम्ही "हं, ठेव आता" म्हणता. आणि चारचौघांत लिहायचं कारण म्हणजे गावातले अर्धे लोक तुम्हाला अजून "पेपरवाले" समजतात. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीतल्या वाचनालयात पेपर लावणारा आणि कुलूप उघडणारा माणूस, एवढंच.

आज १२ ऑगस्ट. ग्रंथालयशास्त्रवाले रंगनाथन यांचा जन्मदिवस, म्हणून ग्रंथपाल दिन. हे मला तुम्हीच सांगितलं होतं, तेही चहाचे पैसे माझ्याकडून काढण्यासाठी.

दोन वर्षांपूर्वीचा मी आठवा. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. दारव्ह्याहून दुपारची एस.टी. आली की दप्तर घरी फेकायचं आणि दोघा दोस्तांसोबत शकुंतला रेल्वेच्या स्टेशनवर जाऊन बसायचं. गाडी येत नाही, तरी आम्ही त्याला स्टेशनच म्हणतो. अडीच फुटी रुळांत बाभळी उगवल्या आहेत, त्यात बकऱ्या चरतात. आबाजी सांगायचे, कापसाच्या गाठी यवतमाळहून मुर्तिजापूरला याच गाडीने जायच्या. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन ती ओढायचं, ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. हे आकडे मात्र आबाजींचे नाहीत, तुमच्या कात्रणांच्या फायलीतले आहेत. तेव्हा मला त्यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही तिघं फलाटावर पाय सोडून बसायचो आणि तीन मोबाईलमध्ये तीन माना घालायचो. गप्पा म्हणजे शेजारी बसलेल्याला रील पाठवायची आणि तो हसला का, ते बघायचं.

त्या जुलैत पाऊस आला म्हणून मी तुमच्या खोलीत शिरलो. वाचायला नाही, छप्पर होतं म्हणून. तुम्ही चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणालात, "पाय पुस. मंग बस." पाऊस थांबेना. बसून बसून कंटाळलो आणि निघताना लाजेखातर एक जाडजूड कादंबरी नावावर करून घेतली. विसाव्या पानावर तिची आणि माझी फारकत झाली. पंधरा दिवसांनी परत आणली तेव्हा मी म्हणालो, "मस्त होती काकाजी." तुम्ही विचारलं, "कोनता भाग आवडला?" मी गप्प.

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी आजवर किती जणांना ऐकवलं असेल! "पुस्तक हाये थे. लग्न नाही लागलं तुयं त्याच्यासंग. नाही जमलं त वापस आन, दुसरं ने."

तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण या वाक्याआधी माझ्या डोक्यात पुस्तकाचं आणि शिक्षेचं एकच खातं होतं. सातवीत असताना १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, शाळेत वाचन प्रेरणा दिन झाला. प्रत्येकाला एकेक पुस्तक वाटलं, आणि घरून दहा ओळी लिहून आणायच्या होत्या. मी खरं लिहिलं, की पुस्तक कंटाळवाणं होतं, अर्धंच वाचलं. ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं गेलं आणि मला तासभर उभं केलं. त्यानंतर मी अभ्यासाचं सोडून पान उलटलं नाही. दोष त्या एका तासाचाच होता असंही नाही, मोबाईल हातात यायचंच होतं. पण अर्धं सोडणं हा गुन्हा आहे, हे तिथे पक्कं बसलं.

तुम्ही दिवाळीपर्यंत माझी सात पुस्तकं अर्धी परत घेतली. शिक्का मारायचा, आठवं द्यायचं, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा नाही.

आणि मग डिसेंबरात ती रहस्यकथा दिलीत. खिशात मावेल एवढी, कव्हर नाही, कागद पिवळा. मागच्या देव-घेव पट्टीवर शेवटची तारीख १९९८ ची. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून ती कोणी नेली नव्हती. सावकाराचा वाडा, विहिरीत सापडलेलं प्रेत, आणि संशय भाच्यावर, मुनीमजीवर, डॉक्टरवर.

तेव्हा हरभरा घाट्यावर आला होता आणि रोही, म्हणजे नीलगाई, नि रानडुकरं रात्री वावरात घुसत होती. मी आणि माझा दोस्त जागलीवर जायचो. हा दोस्त बारावीनंतर शिक्षण सोडून बापाच्या शेतीला लागलेला, वाचनाचं नाव काढलं की "मले नको सांगू बे" म्हणणारा. मचाणावर रेंज नाही. शेकोटी, टिनाचा डबा, डोक्याला बांधलेली बॅटरी. पहिल्या रात्री मी मनातल्या मनात वाचत होतो. तो म्हणाला, "एकटाच काय हसून राहिला? जोरात वाच ना." मी वाचू लागलो. दर थोड्या वेळाने तो उठून डबा बडवायचा, हाळी द्यायचा, परत यायचा आणि म्हणायचा, "हं, मंग?" एकदा झोप आली म्हणून मी गुपचूप दोन पानं गाळली. त्याने पकडलं. म्हणे, "मुनीम त आताच यवतमाळले गेलता, वाड्यात कसा आला?" आठवड्यात चार रात्री, रात्रीला पंधरा-वीस पानं. हरभरा थोडाफार रोह्यांनी खाल्ला, ते त्याच्या बापाला अजून सांगितलेलं नाही.

आणि पाचव्या रात्री, कंदील घेऊन कोण तरी विहिरीकडे चाललंय, एवढ्यावर पुस्तक संपलं. संपलं म्हणजे पुढची पानंच नव्हती!

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच आलो होतो. तुम्ही पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि अगदी निरागसपणे म्हणालात, "हो बाप्पा, पानं त नाहीतच."

काकाजी, ते नाटक होतं. मार्चअखेरीस पुस्तकांची मोजणी करायला तुम्ही मला बसवलं ना, तेव्हा रजिस्टरमध्ये त्या पुस्तकाचा नंबर मी मुद्दाम शोधला. शेऱ्याच्या रकान्यात तुमच्याच तिरक्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'शेवटची पाने गहाळ'. शाई जुनी. तुम्हाला ठाऊक होतं. सात पुस्तकं अर्धी टाकणाऱ्या पोराला तुम्ही जाणूनबुजून अर्धं पुस्तक दिलंत.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, ते तुम्ही कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवले आहेत. चौथा नियम: वाचकाचा वेळ वाचवा. तुम्ही आमचे दोन महिने खाल्ले. शकुंतलेच्या फलाटावर रोज तोच वाद. कंदील कोणाच्या हातात? मी म्हणायचो भाचा. जागलीचा दोस्त मुनीमजीवर ठाम, कारण "हिशोबवाला मानूस कंदील विसरत नाही". तिसऱ्याने पुस्तक वाचलंच नव्हतं, ऐकूनच तो डॉक्टरच्या मागे लागला. त्याच्या बापाचा पानठेला आहे, तिथे गोष्ट गेली आणि खर्रा घ्यायला आलेले लोकही मत देऊ लागले. मोबाईल खिशातच राहायचे. आम्ही तिघं इतकं बोललो, तेव्हा लक्षात आलं की आधी आम्ही फक्त एकत्र बसत होतो.

तिसरा आता चाकणला कंपनीत आहे. रात्रपाळी सुटली की त्याचा व्हॉइस मेसेज येतो, "डॉक्टरच होता बे, लिहून घे."

मी काही सुधारलो वगैरे नाही. रील अजून बघतो. गेल्या वर्षी तुमच्याकडून चाळीस पुस्तकं नेली, पुरी वाचली सतरा. बाकीच्यांशी लग्न जमलं नाही. आपलं वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालचं, हे मला रजिस्टर पाहूनच कळलं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वर्ग ठरवताना ग्रंथपालाच्या नाटकाला गुण नसावेत.

एक कबुली राहिली. ते पुस्तक सध्या कपाटात नाही, माझ्याकडे आहे. आम्ही तिघांनी आपापला शेवट वहीच्या कागदावर लिहून मागे शिवून टाकला आहे. चाकणवाल्याचा पोस्टाने आला, जागलीच्या दोस्ताने सांगितलेला मी उतरवून घेतला. सगळ्यात चांगला त्याचाच झाला आहे, हे त्याला सांगू नका. त्यामागे चार कोरी पानं तुमच्यासाठी ठेवली आहेत. डॉक्टरांनी डोळ्यावरची पट्टी काढू दिली की या. आणि पाय पुसून बसा, वाचनालयात बसणारी नवीन पोरगी फार कडक आहे.

तुमचा,
पाऊस थांबेना म्हणून आलेला