ग्रॅनाइटच्या पाटीला देणगी मिळते, ग्रंथपालाच्या पगाराला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या एका जुन्या कॅथलिक हायस्कूलचा मी १९७९ सालचा विद्यार्थी. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. भायखळ्यापासून गिरगावापर्यंत अशा जुन्या मिशनरी शाळा बऱ्याच आहेत आणि माझे गाऱ्हाणे थोड्याफार फरकाने त्यांतल्या कुठल्याही शाळेला लागू पडेल.

गेल्या महिन्यात शाळेच्या भविष्यासाठी निधी जमवायचा म्हणून माजी विद्यार्थ्यांचा मेळावा एका जिमखान्यात झाला. जेवणाचे माणशी साडेतीन हजार. पडद्यावर नव्या सभागृहाचे चित्र दाखवले : वातानुकूलन, मऊ खुर्च्या आणि प्रवेशद्वाराशी देणगीदारांच्या नावांची ग्रॅनाइटची भिंत. पाच लाखांना मोठी पाटी, दोन लाखांना मधली, पन्नास हजारांना विटेएवढी. आइस्क्रीम येईपर्यंत निम्म्या पाट्या गेल्यासुद्धा. मी उठून विचारले, की लायब्ररी कधी उघडणार? माझ्या शेजारच्या वर्गमित्राने कोट ओढून मला खाली बसवले.

लायब्ररीचे मी उगाच काढले नव्हते. आठवडाभर आधी शाळेत गेलो होतो, तेव्हा तिच्या दाराला कुलूप होते. गणिताच्या बाईंनी पर्समधून किल्ली काढून आत नेले. काचेची कपाटे तीच, पुस्तकांच्या पाठीवर पांढऱ्या शाईने घातलेले आकडेही तेच. ग्रंथपाल निवृत्त झाल्यापासून पद रिकामे आहे. बाई शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास लायब्ररी उघडतात, त्यांच्या मर्जीने, बिनपगारी. जिन्यावर झाडू मारत होता तो माणूसही रोजंदारीवरचा.

अनुदानित शाळेचा पगार सरकार देते, मग पैसे कशाला लागतात, असे लोक विचारतात. पगार मिळतो तो मंजूर पदांचा. पदे ठरतात संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती पदे द्यायची याच्या सरकारी मंजुरीत, आणि संच मान्यता पटसंख्येवर. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर शिपायाचे पद रिकामे झाले की नवा शिपाई मिळत नाही, ठोक भत्ता मिळतो. दहावीपर्यंत अनुदानित वर्गात शिक्षण शुल्क घेता येत नाही, हे योग्यच आहे. पण वीजबिल, गळके छप्पर, प्रयोगशाळेतले रसायन आणि समुपदेशक यांचा खर्च ज्या वेतनेतर अनुदानातून भागायचा, ते किती पुरते आणि कधी येते, हे कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा.

आणि पट घसरला तो काही शिकवणे वाईट झाले म्हणून नाही. वस्तीच उठून गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, मराठी कुटुंबे डोंबिवली-विरारला आणि कॅथलिक कुटुंबे मीरा रोड-वसईला गेली. आज माझ्या शाळेतली मुले टॅक्सीवाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, जरीच्या कारखान्यातल्या कारागिरांची आहेत. बहुतेक मुले ख्रिस्ती नाहीत. त्यामुळे चर्चला येणाऱ्यांना वाटते, शाळा आता आपली कुठे राहिली? आणि बाकीच्यांना वाटते, चर्च बघून घेईल.

‘मिशनऱ्यांकडे पैसा काय कमी आहे, बाहेरून येतो,’ हे वाक्य त्या जेवणात मी तीनदा ऐकले. मी तीस वर्षे बँकेत काढली, म्हणून थोडे सांगतो. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेची केंद्राकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच आधी जमा व्हावी लागते. दुबईत नोकरी करणारा आमचा वर्गमित्र भारतीय पासपोर्टवर आहे, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. टोरांटोतल्या मित्राने मात्र तिथले नागरिकत्व घेतले आहे. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळते ते ओसीआय कार्ड असले तरी त्याचे शंभर डॉलरसुद्धा परदेशी देणगीच. नोंदणी नसलेल्या शाळेने ते घेतले तर गोत्यात येईल. राहिली जमीन. ती कोट्यवधींची आहे, कबूल, पण ती न्यासाची आहे आणि धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शिवाय मैदान विकून शाळा वाचवायची म्हणजे मुलांनी खेळायचे कुठे?

आमच्या वेळी निधी जमवायचा म्हणजे फेट (शाळेची जत्रा) आणि रॅफल (तिकिटांची सोडत). प्रत्येक मुलाच्या हातात दहा तिकिटांचे पुस्तक, तिकीट एक रुपयाचे. पहिले बक्षीस सायकल. मी आठवीत असताना चाळीच्या तीन मजल्यांवर फिरलो आणि दोन तिकिटे खपली. उरलेली आठ आईने पगाराच्या दिवशी घेतली आणि स्थळप्रतींवर बिऱ्हाडातल्या प्रत्येकाचे नाव घालायला लावले, गावच्या आजीसकट. सायकल कुणा डिमेलोला लागली. आमच्या आजीला उत्तेजनार्थ साबणदाणी लागली, ती पुढे बरीच वर्षे मोरीत होती. फादरांनी सोमवारच्या असेंब्लीत किती जमले आणि कशावर खर्च होणार ते वाचून दाखवले. रक्कम आता आठवत नाही, पण वाचून दाखवले हे पक्के आठवते. पाच वर्षांपूर्वी प्रयोगशाळेसाठी म्हणून आमच्याकडून घेतलेल्या देणग्यांचा हिशेब मात्र अजून कुणी दाखवलेला नाही.

मुलीकडे जर्सी सिटीला गेलो होतो, तेव्हा शेजारच्या न्यूअर्कमधल्या सेंट बेनेडिक्ट्स प्रेपबद्दल ऐकले आणि ट्रेनने जाऊन बाहेरून का होईना, पाहून आलो. बेनेडिक्टाइन साधूंनी १८६८ मध्ये काढलेली ही शाळा. १९६७ मध्ये त्या शहरात दंगल झाली, गोरी कुटुंबे उपनगरांकडे गेली आणि १९७२ मध्ये शाळेला टाळे लागले. काही साधू निघून गेले. उरलेल्यांनी १९७३ मध्ये तीच शाळा त्याच जागी, शंभराहून कमी मुले घेऊन पुन्हा उघडली, आता वस्तीत राहिलेल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी. मुख्याध्यापक झाले फादर एडविन लीही, वय पंचविशीतले, स्वतः त्याच शाळेचे माजी विद्यार्थी. तिथे फीमधून खर्च निघत नाही, दरवर्षी देणग्या मागाव्याच लागतात. शिकागोत जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी १९९६ मध्ये क्रिस्तो रे नावाची शाळा काढली, तिथे मुले महिन्यातले काही दिवस कचेऱ्यांत काम करतात आणि तो मोबदला शाळेला जातो. आपल्याकडे हे चालायचे नाही, चालूही नये. पण बेनेडिक्ट्सकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे : वस्ती बदलली म्हणून शाळेने आपली माणसे शोधत दुसरीकडे जायचे नसते, आज दारात आलेली मुले हीच आपली.

आता आकडा मांडतो. साडेसहा टक्के व्याज धरले तर एक कोटीच्या कायम निधीतून, म्हणजे मुद्दल न मोडता नुसते व्याज वापरायच्या ठेवीतून, वर्षाला साडेसहा लाख मिळतात, म्हणजे महिन्याला ५४ हजार. एक ग्रंथपाल आणि एक अर्धवेळ समुपदेशक त्यात भागेल. मात्र ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असे देणगीदाराने लिहून द्यायला हवे, नाहीतर ती उत्पन्नात धरली जाते, आणि करमाफी हवी तर न्यासाला उत्पन्नातले ८५ टक्के सहसा त्याच वर्षी खर्च करावे लागतात. एक कोटी जमेपर्यंत थांबायचे नसेल तर आमच्या आगेमागेच्या तुकड्यांतल्या दोनशे जणांनी महिना ५०० रुपये बँकेतून आपोआप वळते करावेत. महिन्याला एक लाख होतात. तेवढे व्याज हवे असेल तर १ कोटी ८५ लाखांची ठेव लागेल. त्या रात्री जेवायला साडेतीनशे लोक होते. ज्यांना करसवलतीची काळजी आहे त्यांनी एवढेच पाहावे, की नव्या करप्रणालीत देणगीची वजावट मिळत नाही, जुन्या प्रणालीत मिळते, आणि तीही दोन हजारांवर रोख दिले तर नाही.

सभागृह नको असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात मुलांना कवायतीला जागा नसते, हे मला माहीत आहे. पण आधी लायब्ररी, मग खुर्च्या. आणि पाट्याच लावायच्या असतील तर एक नोटीस बोर्ड लावावा, काचेचा, शाळेच्या फाटकाशी : या महिन्यात इतके आले, इतके गेले, कशावर गेले.

माझा पहिला हप्ता ५ तारखेला गेला आहे, सोबत ‘ग्रंथपालाच्या पगारासाठी’ असे पत्रही दिले आहे. पावती अजून आलेली नाही. शाळेच्या ऑफिसात फोन केला तर पलीकडून विचारले, ‘पाटीवर नाव कसे लिहायचे?’

आपला,
एक माजी विद्यार्थी, माझगाव